किल्ली, ओळख आणि नोंदवही
(सूर्यमाळ, ता. मोखाडा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



'मोटारीच्या किल्लीचा इतिहास' असा आजचा विषय जाहीर झाला, तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला विचारले, "सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान. कुलूप-किल्ल्यांचे तुम्ही काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर व्याख्यान संपेपर्यंत मिळावे अशी आमची खटपट राहील.

आधी एक उदाहरण घेऊ. समजा, खोडाळ्याहून सूर्यमाळला प्रवासी आणणाऱ्या एका जीपवाल्याची किल्ली पावसाळ्यात विहीगावच्या धबधब्यात पडली. गाडी तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असेल, तर तो फारसा घाबरणार नाही. बॉनेट उघडेल, दोन तारा जोडेल, चार जणांना हाक मारेल, उतारावर गाडी ढकलून चालू करेल आणि संध्याकाळपर्यंत घरी पोहोचेल. दुसऱ्या दिवशी बाजारात चावीवाल्याकडे बसून नवी किल्ली घासून घेईल. आता तीच गाडी गेल्या पंधरा-वीस वर्षांतली धरा. तारा जोडून उपयोग नाही, ढकलून उपयोग नाही. अगदी हुबेहूब घासलेली किल्ली आणली तरी स्टार्टर फार तर गरगर फिरेल, किंवा तोही फिरणार नाही. इंजिन पेटणार नाही. गाडी टोचन करून घाटाखाली न्यायची, नाहीतर नाशिकहून यंत्र घेऊन माणूस येईपर्यंत वाट पाहायची. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. सूर्यमाळसारख्या ठिकाणी त्या दोन-चार दिवसांचा हिशोब भाड्याच्या रुपयांत होतो आणि दवाखान्यात न्यायच्या माणसाच्या जिवातही होतो.

या दोन गाड्यांमध्ये नेमके काय बदलले? आमचे म्हणणे असे, की जुनी किल्ली ही एक वस्तू होती. नवी किल्ली ही एक ओळख आहे. वस्तू ज्याच्या हाती असते त्याची. ओळखीचे तसे नसते. ओळख कुठेतरी नोंदलेली असावी लागते, आणि ती नोंदवही ज्याच्या ताब्यात, त्याच्या दारात आपल्याला जावे लागते. आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच.

ही गोष्ट जव्हार-मोखाड्याच्या लोकांना नवी नाही. आपल्याच इतिहासात तिचा मोठा दाखला आहे. जयबा मुकणे यांनी हा मुलूख मिळवला. पण जव्हार संस्थानाचा शक सुरू झाला तो कोणत्या दिवसापासून? ५ जून १३४३ पासून. त्या दिवशी जयबांचे पुत्र निमशाह यांना दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरमध्ये हे नमूद आहे. गंमत बघा. मुलूख आधीच ताब्यात होता, माणसे होती, हुकूम चालत होता. तरी काळ मोजायला सुरुवात झाली ती मान्यतेच्या दिवसापासून. ताबा ही एक गोष्ट आणि ओळख पटणे ही दुसरी, हे सातशे वर्षांपूर्वी इथल्या राजांनी ओळखले होते.

आता शब्दांकडे वळू. आपण बोलताना किल्ली म्हणतो, चावीही म्हणतो. 'चावी' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'शावे'वरून आला. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेईपर्यंत उत्तर कोकणाचा मोठा भाग पोर्तुगीजांकडे होता, आणि जव्हारचे राजे त्यांचे शेजारी होते. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'वरून आला. म्हणजे दाराला लावायची वस्तू एका दिशेने आली आणि ती उघडायच्या वस्तूचे एक नाव दुसऱ्या दिशेने. पण आपल्या घरांत किल्ल्यांना अर्थ होता तो अधिकाराचा. सासूबाईंनी किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती दिला म्हणजे संसार दिला. पेटीत दागिना किती, हा प्रश्न नंतरचा.

गडांवरची व्यवस्था याहून बारकाईने केलेली होती. शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी नेमत. दरवाज्याच्या किल्ल्या हवालदाराकडे असत. संध्याकाळी दरवाजे नीट लागले की नाही आणि सकाळी वेळेवर उघडले की नाही, हे त्याने पाहायचे. पण एकट्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हवाली व्हायला नको, यासाठी अधिकार तिघांत वाटलेला होता. रात्री दरवाज्यावर आलेल्या माणसाला परवलीचा शब्द विचारत. म्हणजे लोखंडी किल्ली होतीच, पण तिच्या जोडीला माणसाची ओळखही होती. ही जोडी ध्यानात ठेवा. आजच्या मोटारीत तीच परत आलेली आहे.

लोखंडी किल्लीचे तत्त्व सोपे असते. कुलपाच्या आत काही पट्ट्या किंवा खिळे असतात. किल्लीचे दाते त्यांना नेमक्या उंचीवर उचलतात आणि कुलूप फिरते. कुलपाला किल्ली कोण आहे हे कळत नाही. आकार जुळला की पुरे. आमच्या विषयात याला सादृश्य म्हणतात. एकासारखे दुसरे दिसले, की कुलूप उघडले. म्हणून लोखंडी किल्लीची नक्कल करता येते, आणि म्हणूनच चावीवाल्याचा धंदा उभा राहिला.

नक्कल अवघड व्हावी यासाठी कारागिरांनी दोनशे वर्षे डोके चालवले. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७८४ साली एका कुलपाचे पेटंट घेतले. त्यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेले असे. किल्लीशिवाय उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी मिळतील, असे त्यावर आव्हान होते. साठ-एक वर्षे ते कुणाला उघडता आले नाही. १८५१ सालच्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कारागीर लंडनला आला. त्याने १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास काम करून ते उघडले. लोक चिडले. अशी विद्या उघड केली तर चोरांचे फावेल, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. हॉब्जच्या बाजूचा युक्तिवाद आपल्या म्हणीतच सांगता येईल: चोराच्या वाटा चोराला ठाऊकच असतात. कुलपाचा दोष लपवला तर फक्त कुलूप विकत घेणाऱ्याला तो कळत नाही. हा वाद पुढे मोटारीच्या किल्लीवरही झाला. त्याकडे आपण येणारच आहोत.

आपल्याकडे या विद्येचा पाया घातला तो मुंबईत. वकिली सोडून उद्योगाकडे वळलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला एका लहानशा शेडमध्ये कुलपांचा कारखाना सुरू केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी 'गॉर्डियन' नावाचे एक कुलूप काढले. त्याला दोन किल्ल्या होत्या. कुलूप दोन्हींनी उघडे आणि लागे. पण त्यातल्या एका किल्लीत आणखी एक करामत होती. तिने कुलपाच्या आतली मांडणीच बदलता येई, आणि मग दुसरी किल्ली निकामी होई. म्हणजे नोकराकडची किल्ली हरवली किंवा त्याच्यावरचा विश्वास उडाला, तर मालकाने कुलूप फोडायचे नाही. आपल्या किल्लीने त्या किल्लीची ओळख पुसून टाकायची.

आता विचार करा. आज गाडीची एक किल्ली हरवल्यावर मेकॅनिक स्कॅनर लावून ती गाडीच्या स्मृतीतून काढून टाकतो. त्यामागचा विचार लालबागच्या कारखान्यात शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लोखंडात उतरलेला होता. फरक एकच, आणि तो मोठा आहे. गॉर्डियनमध्ये पुसण्याचा अधिकार मालकाच्या कमरेला होता.

आता मोटारीकडे येऊ. सुरुवातीच्या मोटारी पुढून हँडल मारून चालू करत. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत १९१२ साली आला. फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांना १९१९ पासून असा स्टार्टर मिळू लागला, तेव्हा त्यांच्या किल्ल्यांवर ५१ ते ७४ असे आकडे कोरलेले असत. म्हणजे लाखो गाड्या, आणि किल्ल्यांचे प्रकार फक्त २४. तुमची किल्ली रस्त्यातल्या प्रत्येक चोविसाव्या गाडीला लागण्याची शक्यता! तिथे किल्लीचे काम वीज चालू-बंद करण्याचे होते, राखणदारीचे फार थोडे. एकच किल्ली फिरवून स्टार्टर चालू करण्याची आजची पद्धत क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली.

आणि जीप? दुसऱ्या महायुद्धातल्या पहिल्या काही जीपना किल्ली होती. लष्कराने ती काढून टाकली आणि हाताने फिरवायचा साधा खटका बसवला. गोळीबार चालू असताना शिपायाने किल्ली शोधत बसायचे का? शिवाय जीपच्या भोवती पहारा होताच. जिथे माणूस माणसाला ओळखतो तिथे किल्लीची गरज कमी होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्याच जीपचे वंशज पुढे आपल्या घाटांतून माणसे, भाताची पोती आणि कोंबड्या वाहत राहिले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि नंतर पद्मिनी निघत होत्या. या सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या साध्या, घासलेल्या. कुलपे झिजली की एकीची किल्ली दुसरीला लागायची, हे जुने टॅक्सीवाले आजही हसत सांगतात.

मग बदल कधी झाला? पहिली पायरी अमेरिकेत. १९८६ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या किल्लीत एक छोटा विद्युत रोधक बसवलेला होता. त्याची किंमत मोजून गाडी ठरवायची की ही किल्ली आपली आहे की नाही. अशा वेगवेगळ्या किमती होत्या १५. दुसरी आणि खरी पायरी युरोपात. १९८९ साली बर्लिनची भिंत पडल्यानंतर जर्मनीत मोटारींच्या चोऱ्या फार वाढल्या. विमा कंपन्यांनी आग्रह धरला, युरोपीय संघाने १९९५ साली नियम केला, आणि १९९८ मध्ये जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. इमोबिलायझर म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा. आपल्याकडे ती या शतकाच्या पहिल्या दशकात सर्वसामान्यांच्या गाड्यांत दिसू लागली. मारुतीच्या गाड्यांवर 'आयकॅट्स' असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. ती हीच.

ती चालते कशी, हे नीट समजून घेऊ. कारण पुढचा सगळा प्रश्न त्यावर उभा आहे. किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक चिप असते. कधी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी, कधी काळा ठोकळा. तिला सेल लागत नाही. स्टार्टरच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. किल्ली आत गेली की ते वेटोळे साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते. त्या लहरींतूनच चिपला वीज मिळते आणि ती बोलू लागते. जुन्या चिपा फक्त आपला नंबर सांगत. 'मी अमुक.' गाडी आपल्या यादीत पाही. नंबर असला तर इंजिनला परवानगी. पण अशा चिपचा नंबर ऐकून दुसऱ्या चिपवर उतरवणे सोपे होते. म्हणून पुढच्या चिपा जरा हुशार केल्या. गाडी दर वेळी एक नवा आकडा फेकते. चिप आपल्या पोटातल्या गुप्त आकड्याने त्यावर गणित करते आणि फक्त उत्तर पाठवते. गाडीही तेच गणित करून बघते. उत्तर जुळले, तर पेट्रोल आणि ठिणगी सुटते. गडाच्या दरवाज्यावरचा परवलीचा शब्दच हा, पण दर वेळी नवा.

आमच्या तत्त्वज्ञानात याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. 'हा तोच देवदत्त' असे आपण म्हणतो, तेव्हा समोर दिसणारा माणूस आणि मनातली जुनी आठवण यांची गाठ पडते. न्यायशास्त्रातली मंडळी म्हणतात, नुसत्या डोळ्यांनी 'तोच' हे कळत नाही. आधीचा संस्कार लागतो. गाडीलाही हा संस्कार लागतो. तो तिच्या इलेक्ट्रॉनिक पेटीत नोंदलेला असतो. लोखंडी कुलूप सादृश्यावर भागवून घेते. चिपवाली गाडी 'तोच' आहे का, असे विचारते.

रिमोटचे काम वेगळे आहे, आणि ही गल्लत अनेकांची होते. दार उघडायचे बटण दाबल्यावर जाणारा संदेश सेलवर चालतो आणि वेगळ्या वारंवारतेवर जातो. बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. त्याचा सांकेतिक आकडा प्रत्येक दाबाला पुढे सरकतो. लहान मुलाने घरात बसून बटण शेकडो वेळा दाबले, तर किल्लीचा आकडा फार पुढे जातो, गाडी मागे राहते आणि मग दोघांची पुन्हा गाठ घालावी लागते. सेल संपला तर रिमोट बंद पडतो, पण चिप जिवंत असते. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीतही बहुधा रिमोटच्या पोटात दाराची छोटी लोखंडी किल्ली दडवलेली असते, आणि सेल संपलेला रिमोट स्टार्ट बटणाला किंवा ठरवून दिलेल्या खाचेला टेकवला की गाडी चालू होते. हे कुठे आणि कसे, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेले असते.

म्हणून किल्ली हरवली की कामे तीन. एक, पाते कापणे. त्याचा नंबर नव्या गाडीबरोबर मिळालेल्या छोट्या पट्टीवर असतो. दोन, नव्या चिपची गाडीला ओळख करून देणे. तीन, रिमोट जोडणे. पहिले काम आजही चावीवाला करतो. दुसऱ्यासाठी स्टेअरिंगखालच्या खाचेत यंत्र जोडून गाडीच्या इमोबिलायझरशी बोलावे लागते, आणि बहुतेक गाड्यांत त्यासाठी एक गुप्त पिन लागतो. जवळ एक चालू किल्ली शिल्लक असेल तर काम पुष्कळ सोपे. काही गाड्यांत दोन चालू किल्ल्या असल्या तर तिसरी मालकालाच जोडता येते. पण सगळ्याच किल्ल्या गेल्या, तर पिन कंपनीकडून मागवायचा, नाहीतर गाडीची पेटी काढून तिची स्मृती वाचायची. बऱ्याच यंत्रांना त्या वेळी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलावे लागते. मोबाइलचे नेटवर्क जिथे येते-जाते, तिथे गाडी आणि किल्ली समोरासमोर असूनही त्यांची ओळख होत नाही. मध्यस्थ दूर बसलेला आहे.

इथे कुणी म्हणेल, "सर, हे सगळे चोरांपासून वाचवण्यासाठीच ना?" होय, आणि त्याचा फायदा खरा आहे. अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांच्या अनेक मॉडेलांत इमोबिलायझर नव्हता. २०२१-२२ मध्ये पोरांनी समाजमाध्यमांवर युक्ती पाहून, यूएसबीच्या वायरीच्या टोकाने त्या गाड्या पळवायचा सपाटा लावला. तेव्हा चिप नकोच, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे तिच्या रहस्याविषयी आहे.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषापंडिताने १८८३ साली लष्करी सांकेतिक लिपीविषयी एक नियम मांडला. यंत्रणा कशी चालते हे शत्रूला कळले तरी चालले पाहिजे. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. मोटारींच्या चिपा बनवणाऱ्यांनी उलटे केले. गणिताची रीतच झाकून ठेवली. परिणाम काय झाला? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपमधला गुप्त आकडा फक्त ४० बिटांचा होता. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ साली तो शोधून काढून दाखवला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली 'कीलॉक' ही रिमोटची पद्धत २००८ पर्यंत उघडी पडली. 'मेगामॉस' या चिपमधला दोष नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या तिघा संशोधकांना २०१२ मध्ये सापडला. त्यांनी चिप बनवणाऱ्यांना कळवले. २०१३ मध्ये फोक्सवॅगनच्या मागणीवरून लंडनच्या उच्च न्यायालयाने तो निबंध छापायला मनाई केली. तो प्रसिद्ध झाला २०१५ मध्ये. हॉब्जच्या वेळचाच वाद, १६० वर्षांनंतर. खिशातून बाहेर न काढता चालणाऱ्या किल्ल्यांचे तर आणखी निराळे. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्या तपासल्या. गाडीजवळ एक आणि मालकाजवळ एक असे दोन यंत्रसंच ठेवून लहरी पुढे पोहोचवल्या, की दहाही गाड्या फसत होत्या. किल्ली मालकाच्या खिशात आणि गाडी चालली!

म्हणजे झाले असे, की साधने जमवणारा चोर आत शिरतो. बाहेर राहतो तो प्रामाणिक मालक आणि त्याच्या गावचा मेकॅनिक.

आपल्या देशात या प्रश्नाने कायद्याचे दार ठोठावले आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. आयोगाचे म्हणणे असे, की सुटे भाग आणि गाडी तपासायची यंत्रे व माहिती स्वतंत्र मेकॅनिकांना न देऊन कंपन्यांनी बाजार अडवून धरला. प्रकरण पुढे अपिलात गेले, दंडावर वाद झाले. पण मुद्दा नोंदला गेला. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे आणि मोबाइल यांच्याबरोबर मोटारीही आहेत.

त्याच २०१४ च्या ऑगस्टमध्ये, १ तारखेला, आपला पालघर जिल्हा झाला. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण त्यामागची मागणी एकाच जातीची होती: आमच्या नोंदी जिथे ठेवता, ते ठिकाण आमच्या जवळ आणा. मोखाड्याच्या माणसाने कागदासाठी ठाण्याला हेलपाटे का घालायचे? वनजमिनीचेही तेच. पिढ्यान्‌पिढ्या वरई-नाचणी पिकवणाऱ्याच्या पायाखाली जमीन होती, सरकारी नोंदीत ती नव्हती. २००६ सालच्या कायद्याचे नाव बघा: वनहक्क मान्यता. हक्क 'देणे' असा शब्द त्यात नाही. जे आहे ते मान्य करणे, त्याची ओळख पटवणे. गाडी आणि जमीन यांची बरोबरी करायची नाही. जमीन हे जीवन आहे, गाडी विकत घेतलेली वस्तू. पण ताबा आपला आणि नोंदवही दुसऱ्याची असली म्हणजे काय होते, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

चावीवाल्याबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. कानस, सुट्या पात्यांचा जुडगा आणि लहानशी ऐरण घेऊन रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या या माणसाकडे समाजाने नेहमी थोडे संशयाने पाहिले. ज्याला उघडता येते तो कधीतरी चोरी करील, असा हा संशय. म्हणून कंपन्या म्हणतात, ही विद्या आमच्याकडेच सुरक्षित आहे. आम्हाला हे तर्काला धरून वाटत नाही. विद्या कुणाकडे आहे यापेक्षा ती वापरताना कोणता नियम पाळला जातो, हे महत्त्वाचे. नवी किल्ली करून देणाऱ्याने आरसी बुक पाहावे, ओळखपत्र पाहावे, चेसिस नंबर ताडून घ्यावा, वहीत सही घ्यावी. तोच नियम नाशिकच्या शोरूमला, तोच जव्हारच्या टपरीला. नियम पाळणाऱ्याला पिन आणि यंत्र रास्त दरात मिळावे. आपल्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलाने हे काम शिकले, तर गाडी घाटाखाली न्यायची वेळ येणार नाही आणि एका घराची चूलही पेटेल.

तोवर आपण काय करायचे? इतिहास ऐकून घरी जाताना हाताला काही लागावे, म्हणून सांगतो. गाडीची दुसरी किल्ली आजच शोधा आणि ती चालते की नाही ते पाहा. दोन्ही किल्ल्या एकाच कड्यात अडकवू नका. किल्लीच्या नंबरची पट्टी गाडीत ठेवू नका, घरात कागदपत्रांबरोबर ठेवा. एक किल्ली हरवली तर दुसरी हातात असतानाच तिसरी करून घ्या, आणि त्याच वेळी हरवलेलीची नोंद गाडीतून पुसायला सांगा. ती पोलिसांतही कळवा, कारण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ किल्ल्या मागते. किल्लीच्या खर्चाचे विम्यात वेगळे कलम घेता येते, ते विचारून बघा. आणि जुनी गाडी विकत घेताना किल्ल्या किती मिळाल्या एवढ्यावर थांबू नका. गाडीच्या स्मृतीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत, हे स्कॅनर लावून पाहायला सांगा. हातात दोन आल्या आणि नोंदीत तीन निघाल्या, तर तिसऱ्या माणसालाही तुमची गाडी 'मालक' म्हणून ओळखते.

अर्देशिर गोदरेज यांच्या कुलपात दुसऱ्या किल्लीची ओळख पुसायचा अधिकार मालकाच्या हाती होता. आज ते सामर्थ्य गाडीत आहे, पण अधिकार मालकापासून लांब गेला. यंत्र पुढे गेले ही चांगली गोष्ट. अधिकारही त्याच्याबरोबर मालकाकडे परत यायला हवा, आणि तो मागणे हे नागरिकांचे काम आहे. तेव्हा पुढच्या वेळी शोरूममध्ये नवी गाडी घ्याल, हार घालाल, पेढे वाटाल, तेव्हा किल्ली हातात घेता घेता विक्रेत्याला एवढे जरूर विचारा: "ही किल्ली आमची. हिची नोंदवही कुणाकडे?"